कीटकांची शोधसूत्रं सोडवायचीत? यादी पाठ करू नका, किड्याचं शरीर बघा

तुम्ही विचारलंय की शब्दकोडं बाकी सगळं सुटतं पण कीटकांवरचं शोधसूत्र आलं की गाडी अडते, आणि तीन नमुने दिलेत: 'भुंगा (३)', 'पंख नसलेली, रक्त पिणारी (२)' आणि 'कीटकाच्या डोक्यावरील स्पर्शेंद्रिय (३)'. शेवटी म्हणालात की पाठ करायला एखादी यादी असेल तर द्या. यादी देता येईल, पण तिचा उपयोग फार थोडा होतो असं माझं ठाम मत आहे, कारण कोडेकार नुसतं नाव विचारत नाही, तो त्या किड्याच्या अंगावरची एखादी खूण उचलतो, पाय, पंख, सोंड, नांगी, कंबर, डोळे, आणि ती खूण कुणाची हे तुम्हाला माहीत नसेल तर यादीतली तीन अक्षरी दहा नावं समोर ठेवून बसायची वेळ येते. उलट वीसेक किड्यांची शरीरं डोळ्यासमोर पक्की असली तर निम्मी शोधसूत्रं आडवे-उभे शब्द न बघताच सुटतात. म्हणून मी शरीरापासूनच सुरू करतो, तुमचे तिन्ही नमुने वाटेत येतीलच.

पहिलं काम पाय मोजणं. कीटक म्हणजे सहा पाय, शरीराचे तीन भाग (डोकं, वक्ष, उदर), आणि पाय असले तर ते फक्त मधल्या भागाला म्हणजे वक्षाला जोडलेले, पंखही तिथेच. पोटाला पाय नसतात. हे एवढं पक्कं धरलं की कोळी, विंचू, गोचीड हे तिघे आपोआप बाजूला होतात कारण त्यांना आठ पाय. गोम आणि पैसा (काही जण वाणी म्हणतात) हे तर बहुपाद. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कोडेकार जीवशास्त्राचा पेपर काढत नसतो, तो बोलीतली भाषा वापरतो, त्यामुळे 'आठ पायांचा कीटक (२)' असं शोधसूत्र छापून येतं आणि उत्तर कोळी हेच असतं. तिथे वाद घालत बसू नका, आठ पाय हा आकडा खरा माना आणि 'कीटक' हा शब्द सैल माना. मी नेहमी हाच नियम लावतो की आकडा आणि अवयव यांच्यावर विश्वास ठेवायचा, वर्गाच्या नावावर नाही.

गोमेबद्दल एक सांगतो, कारण 'शंभर पायांची' असं हमखास येतं. गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात, पंधरा, एकवीस अशा, त्यामुळे बरोबर शंभर पाय कुठल्याच धडधाकट प्रौढ गोमेला नसतात. तरी उत्तर गोमच, आणि शब्द लांब हवा असेल तर शतपदी. 'सहस्रपाद' नावाचं तसंच होतं, हजार पाय कुणालाच सापडले नव्हते, मग २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जमिनीखालच्या एका जातीची नोंद झाली आणि तिला १३०६ पाय निघाले. म्हणजे एका तरी प्राण्याच्या बाबतीत ते नाव आता अगदी शब्दशः खरं आहे!

आता मराठी कोड्यातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुर्लक्षित मदत, ती म्हणजे लिंग. इंग्रजी कोड्यात ही सोय नाही. शोधसूत्र 'उडणारा' म्हणतंय की 'उडणारी' की 'उडणारे' हे आधी बघा. पुल्लिंगी असेल तर डास, भुंगा, काजवा, टोळ, चतुर, पतंग, ढेकूण, नाकतोडा, रातकिडा, सुरवंट, मुंगळा या घोळक्यात शोधा. स्त्रीलिंगी असेल तर मुंगी, माशी, वाळवी, पिसू, ऊ, अळी, कसर. नपुंसकलिंगी असेल तर फारच थोडे उरतात, झुरळ, फुलपाखरू, चिलट, पाखरू, संपलं जवळजवळ. 'अंधारात वावरणारे, लांब मिशांचे (३)' यात 'वावरणारे' आणि 'मिशांचे' हे दोन्ही एकवचनी नपुंसकलिंगी धरले की झुरळाशिवाय दुसरं काही येतच नाही. मात्र एक सापळा आहे. शोधसूत्रात 'कीटक' किंवा 'किडा' हा शब्द आला असेल तर विशेषण त्या शब्दाप्रमाणे चालतं, उत्तराप्रमाणे नाही, म्हणजे 'पंख नसलेला कीटक' याचं उत्तर पिसू असू शकतं. तेव्हा लिंगाची खूण फक्त तेव्हाच धरा जेव्हा विशेषण मोकळं सुटलेलं असतं.

तुमचा दुसरा नमुना तसाच मोकळा आहे, 'पंख नसलेली, रक्त पिणारी (२)'. स्त्रीलिंगी एकवचन, म्हणून ढेकूण बाद, तसाही तो तीन अक्षरी. ऊ एक अक्षरी. उवा दोन अक्षरी आहे पण ते अनेकवचन, शोधसूत्र 'पिणाऱ्या' म्हणालं असतं. उरली पिसू. पण थांबा, जळू पण आहे, दोन अक्षरी, स्त्रीलिंगी, पंख नाहीत, रक्त पिते. जळू कीटक नाही हे खरं, पण शोधसूत्रात कीटक हा शब्दच नाहीये. मग काय करायचं तर शब्दांचं वजन बघायचं: 'पंख नसलेली' असं कुणी जळूबद्दल म्हणणार नाही, कारण जळूला पंख असावेत अशी अपेक्षाच नसते, नसण्याचा उल्लेख त्याचाच होतो ज्याच्या बिरादरीत बाकीच्यांना असतात. म्हणून मी पिसू लिहीन, पण पेन्सिलीनं, आणि दुसरं घर सू आहे की ळू हे उभ्या शब्दावरून पक्कं करीन.

हे रक्त पिणारे तिघे एकदा नीट ओळखून ठेवा, कारण कोडेकारांना ते फार आवडतात. ढेकूण वरून खाली चपटा, म्हणजे फटीत आडवा शिरणारा. पिसू दोन्ही बाजूंनी चपटी, म्हणजे उभी चपटी, म्हणून ती केसांमधून सरळ वाट काढते, आणि मागचे पाय उडीसाठी बनलेले. ऊ पण चपटी पण तिची खूण पायांत आहे, प्रत्येक पायाच्या टोकाला आकडीसारखी नखी, तिच्यात केस बरोबर पकडला जातो, आणि उडीबिडी तिला काही येत नाही. तेव्हा 'फटीत' म्हटलं की ढेकूण, 'उडी' म्हटलं की पिसू, 'केस' म्हटलं की ऊ किंवा तिचं अंडं म्हणजे लीख. चौथा डास, पण त्याला पंख आहेत. त्यातही रक्त पिणारी फक्त मादी, नर फुलांचा रस पितो आणि त्याच्या मिशा झुपकेदार असतात, म्हणून एखाद्या चांगल्या कोडेकारानं 'याची मादीच चावते' असं दिलं की डोळे मिटून डास.

पंखांकडे वळू. बहुतेक उडणाऱ्या कीटकांना पंखांच्या दोन जोड्या, चार पंख. माशी आणि डास या घराण्याला मात्र एकच जोडी, दोनच पंख. कधी मेलेली घरमाशी मिळाली तर भिंगाखाली धरून बघा, पंखाच्या मागे दोन बारीक दांड्या दिसतात, टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी गोळी, हे मागच्या पंखांचंच बदललेलं रूप, उडताना तोल सांभाळायचं काम करतं. एकदा ते बघितलंत की 'दोन पंखांची' हे शब्द वाचून माशी आपोआप सुचते. मधमाशी नावानं माशी असली तरी ती चार पंखांची, फक्त तिचा पुढचा आणि मागचा पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेला असतो म्हणून लांबून दोनच वाटतात. 'पंख मिटता न येणारा' म्हणजे चतुर, तो बसला तरी चारही पंख पसरून बसतो. 'पंखांवर खवले' म्हणजे फुलपाखरू किंवा पतंग, बोटाला लागते ती रंगीत पूड म्हणजे ते खवलेच. आणि पुढचे पंख कडक होऊन मागच्या पंखांवर झाकणाचं काम करत असतील तर तो भुंगेऱ्यांचा वर्ग, त्यात ढालकिडा येतो, शेणकिडा येतो, आणि काजवाही येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मुंगीचे पंख हा वेगळा विषय. कामकरी मुंगीला पंख नसतात, पण वारुळातल्या नरांना आणि नव्या राण्यांना काही काळ असतात, उडून मीलन झालं की नर मरतात आणि राणी आपले पंख टाकून देते. 'पंख फुटले की मरण जवळ येते असे म्हणतात' या शोधसूत्राचं उत्तर मुंगी, आणि त्या म्हणीत नरांपुरतं अगदी खरं निरीक्षण आहे. वाळवीलाही असेच तात्पुरते पंख असतात. दोघींत फरक कसा करायचा तर कंबर बघायची: मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकल्यासारख्या, वाळवीला कंबरच नाही, डोक्यापासून पोटापर्यंत सरळ, मिशाही सरळ मण्यांच्या माळेसारख्या, आणि पंखांच्या दोन्ही जोड्या सारख्या लांबीच्या. 'पांढरी मुंगी' म्हणून जिला ओळखतात ती वाळवी नात्यानं मुंगीपेक्षा झुरळाला कितीतरी जवळची आहे. 'बारीक कंबरेची' म्हटलं आणि घरं जास्त असली तर गांधीलमाशी किंवा कुंभारीण.

नांगी, डंख, सोंड, दात यांची सरमिसळ फार होते. नांगी विंचवाची, शेपटाच्या टोकाला. डंख मधमाशी-गांधीलमाशीचा, पोटाच्या टोकाला, आणि तो अंडी घालायच्या अवयवापासूनच बनलेला असल्यामुळे नराला डंख नसतोच, म्हणजे 'डंख मारणारी' हे स्त्रीलिंग व्याकरणानं आणि जीवशास्त्रानं दोन्हीकडून बरोबर बसतं. कामकरी मधमाशीच्या डंखाला उलटे काटे असतात, आपल्या कातडीत तो अडकून राहतो आणि माशी मरते, गांधीलमाशी मात्र पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. म्हणून 'एकदाच डंख मारून प्राण गमावणारी (४)' मधमाशी. सोंड म्हणाल तर डासाची टोचणारी, माशीची स्पंजासारखी टिपून घेणारी, फुलपाखराची लांब आणि वेटोळं करून ठेवलेली, म्हणजे 'सोंड गुंडाळून ठेवणारे (५)' यात लिंग, अवयव आणि घरं तिन्ही फुलपाखराकडे बोट दाखवतात. टोळ, नाकतोडा, झुरळ, मुंगी यांना सोंड नसते, चावणारे जबडे असतात, म्हणून 'कुरतडणे', 'फस्त करणे' अशी क्रियापदं आली की सोंडवाले बाजूला काढा. क्रियापदातून तोंड कळतं, हे मला फार उपयोगी पडलेलं आहे.

तुमचा तिसरा नमुना, डोक्यावरचं स्पर्शेंद्रिय, तीन अक्षरं. शास्त्राच्या पुस्तकातला शब्द शृंगिका, शृं-गि-का. बोलीत मिशा, पण ती दोन घरं. अडचण अशी की स्पर्शक आणि स्पर्शिका हेही तीन घरांत बसतात. पण शोधसूत्रातच 'स्पर्श' हा शब्द वापरलाय ना, मग व्यवस्थित कोडेकार उत्तरात तोच शब्द पुन्हा येऊ देत नाही, म्हणून शृंगिका. हा साधा नियम खूप ठिकाणी वाट मोकळी करतो. मिशांवरून ओळखही होते: टोकाला गाठ असलेल्या मिशा फुलपाखराच्या, पिसासारख्या किंवा नुसत्या निमुळत्या पतंगाच्या, शरीरापेक्षा लांब रातकिड्याच्या, आखूड टोळाच्या.

कान आणि आवाज यावर शोधसूत्रं कमी येतात पण आली की लोक हमखास अडतात. रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. नाकतोड्याचे आणि टोळाचे कान पोटाच्या पहिल्या भागावर, दोन्ही बाजूंना. रातकिडा पंखावर पंख घासून किर्र करतो, बरेच नाकतोडे मागचा पाय पंखावर घासतात, आणि गाणारा सहसा नरच. म्हणजे 'पायात कान असलेला (४)' रातकिडा, 'पोटाशी कान असलेला (४)' नाकतोडा, दोन्ही चार घरांचे आणि दोन्ही डा नं संपणारे, पहिलं घर रा की ना एवढ्यावरच सगळं ठरतं. जिभेचं म्हणाल तर माशी आणि फुलपाखरू पायांनी चव घेतात. माशी पुढचे पाय एकमेकांवर चोळत बसते ती त्या पायांवरचे बारीक केस साफ करत असते, 'हात चोळत बसणारी' असं शोधसूत्र कुणी दिलं तर मला ते फार आवडेल.

आता भुंगा. तीन अक्षरांत भ्रमर, मधुप, मिलिंद, षट्पद, द्विरेफ, सगळे बसतात, आणि नुसतं 'भुंगा (३)' दिलं असेल तर आडव्या-उभ्याशिवाय इलाज नाही हे सरळ मान्य करून पुढे जा. चार घरं असली तर मधुकर किंवा चंचरीक, दोन असली तर भृंग किंवा अली. पण शोधसूत्रात एक जरी शब्द जास्तीचा असेल तर तोच निर्णायक. पाय आले की षट्पद, म्हणजे सहा पायांचा. मध किंवा पिणं आलं की मधुप. 'अक्षर' किंवा 'र' असं काही आलं की द्विरेफ, कारण भ्रमर या शब्दात र दोनदा येतो म्हणून त्याला द्विरेफ म्हणतात, किड्याला त्याच्या नावाच्या स्पेलिंगवरून पडलेलं नाव, किती सुंदर! घरांचं बघायचं तर षट्पद मध्ये मधलं घर ट्प, द्विरेफचं पहिलं द्वि, भ्रमरचं पहिलं भ्र. ट्प असलेला दुसरा शब्द कोडेकाराला सहजी मिळत नाही, म्हणून मधल्या घरातून उभा शब्द जात असेल तर षट्पद जवळपास बाद धरा. मधल्या घरात लिं आला तर मिलिंद, रे आला तर द्विरेफ.

आणि भुंगा नेमका कोण याचाही घोळ आहे. फुलांभोवती घुमणारा, लाकूड पोखरून घर करणारा तो काळा भुंगा मधमाशीच्या नात्यातला, त्याला चार पातळ पंख. कडक पाठीचे ते भुंगेरे, वेगळेच. कोडेकार दोघांनाही भुंगा म्हणतो, तेव्हा 'कवच', 'पाठ', 'ढाल' आलं की भुंगेरा, 'गुंजारव', 'कमळ', 'मध' आलं की भ्रमर घराणं.

असेच जुने शब्द बाकीच्यांनाही आहेत आणि शोधसूत्रात बोलीतलं नाव देऊन घरं जुळत नसली की लगेच संस्कृतकडे वळा. मुंगी चार घरांत पिपीलिका, 'विहंगम मार्गाच्या उलट मार्ग हिचा' असंही येतं. माशी तीन घरांत मक्षिका, आणि पहिल्याच घासाला पडणारी तीच. डास तीन घरांत मशक, किंवा बोलीतला मच्छर. ढेकूण तीन घरांतच पण त्याचा प्रतिशब्द मत्कुण. ऊ दोन घरांत यूका. पतंग शलभ, टोळालाही शलभ म्हणतात. काजवा खद्योत, आकाशात चमकणारा. कोळी ऊर्णनाभ, बेंबीतून लोकर काढणारा, धागा पोटाच्या टोकातून निघतो म्हणून. बघा ना, यातली बरीच नावं शरीरावरूनच पडलेली आहेत, म्हणून मी म्हणतो की शरीर माहीत असेल तर नाव अर्धं कळतंच.

न्याय आणि वाक्प्रचार यांतूनही पुष्कळ येतं. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, त्याच्या पोखरण्यातून चुकून अक्षरासारखा आकार उमटतो तो घुणाक्षरन्याय, घुण दोन घरांचा. कीटभृंगन्यायाची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. कुंभारीण मातीचं छोटं घरटं करते, अळ्यांना डंख मारून बधिर करून आत भरते, वर अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं तिचं पिल्लू त्या अळ्या खाऊन वाढतं, तिथेच कोश करतं आणि शेवटी माती फोडून पंखवाली कुंभारीण बाहेर येते. जुन्या लोकांनी बाहेरून एवढंच पाहिलं की आत गेली अळी आणि बाहेर आला भृंग, त्यावरून समजूत झाली की भृंगाच्या ध्यासानं किडाच भृंग होतो. 'ध्यासाने भृंग होणारा (३)' याचं उत्तर कीटक, आणि घरं दोन असली तर अळी नाही, कारण 'होणारा', म्हणून किडा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हणही निरीक्षणातूनच आलेली, विंचवीण नुकती जन्मलेली पिल्लं खरंच पाठीवर घेऊन फिरते. 'डोळ्यांपुढे चमकतात ते' काजवे, 'पायाला येतात त्या' मुंग्या, 'कामात शिंकते ती' माशी, 'खरी अडचण' म्हणजे गोम. या सगळ्यांत ते, त्या, ती ही सर्वनामं नीट वाचा, वचन तिथेच सांगितलेलं असतं.

अवस्थांची शोधसूत्रं सोपी असतात, अंडं, अळी, कोश, प्रौढ, एवढंच. केसाळ अळी म्हणजे सुरवंट, जमिनीत मुळं खाणारी पांढरी हुमणी. अळीला पुष्कळ पाय दिसतात पण खरे सांध्यांचे पाय पुढचे सहाच, मागचे नुसते मांसल आधार. टोळ, झुरळ, ढेकूण यांना कोशाची अवस्था नसते, पिल्लू प्रौढासारखंच दिसतं, कात टाकत मोठं होतं, हे लक्षात असलं तर 'कोशातून बाहेर येणारा' याला ही नावं लावायचा प्रश्नच येत नाही.

दुहेरी अर्थाची शोधसूत्रं मला सगळ्यात आवडतात. 'हुशार, डोक्यावर डोळेच डोळे (३)' चतुर, त्याचे संयुक्त डोळे इतके मोठे की बहुतेक डोकं त्यांनीच व्यापलेलं असतं. 'दोरीवर उडतो, दिव्यावर झेपावतो (३)' पतंग. 'शब्दांचाही, रेशमाचाही (२)' कोश. 'जाळे दोघांचेही (२)' कोळी. 'भरून काढायची ती, पुस्तकातही सापडते (३)' कसर, तो रुपेरी बिनपंखी किडा, शेपटीला तीन धागे असलेला. यात युक्ती अशी की शोधसूत्र मध्ये तोडायचं आणि दोन तुकडे वेगळे सोडवायचे, एक तुकडा माणसांच्या जगातला असतो आणि दुसरा किड्याच्या शरीराचा, शरीराचा आधी सोडवा, तो पक्का असतो.

घरांबद्दल थोडं. मराठी कोड्यात एका घरात मात्रेसकट पूर्ण अक्षर येतं, त्यामुळे मुंगळा मधलं मुं हे अनुस्वारासकट उभ्या शब्दातही जुळायला हवं, मुंज, मुंडण, मुंबई असे मोजकेच शब्द तिथून जातात. म्हणून मुं, ढे, झु, द्यो, क्षि अशी घरं दिसली तर आधी ती भरा, ळ, र, ग अशी साधी घरं काही सांगत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत काही कोडेकार सैल असतात, पिसूचं सू आणि उभ्या शब्दातलं सु एकाच घरात चालवतात, त्याच कोडेकाराची दोन-चार कोडी सोडवली की त्याची सवय कळते. अनेकवचनात ऊ ची उवा झाली की घर वाढतं, पिसूच्या पिसवा होतात तेव्हाही, माशीच्या माशा झाल्या तर वाढत नाही.

इंग्रजी कोडीही सोडवत असाल तर तिथे पण शरीरच कामाला येतं, फक्त चकवा जास्त. 'सिक्स-फूटर' म्हटलं की सहा फूट उंच माणूस डोळ्यासमोर येतो, तिथे सहा पायांचा कीटक अभिप्रेत असतो, तीन अक्षरी असेल तर बहुधा अँट. 'वर्कर' म्हणजे अँट किंवा बी, 'सोल्जर' म्हणजेही अँट. 'फ्लाय' आणि 'क्रिकेट' यांचे दुसरे अर्थ तर उघडच आहेत. अवयवांत मधला भाग सहा अक्षरी थोरॅक्स, पोट सात अक्षरी अ‍ॅब्डोमेन, भुंगेऱ्याचे कडक पंख सहा अक्षरी एलिट्रा, फीलर म्हटलं की सात अक्षरी अँटेना किंवा चार अक्षरी पॅल्प. अवस्थांत पाच अक्षरी लार्व्हा, चार अक्षरी प्यूपा, कोश नसलेल्यांचं पिल्लू पाच अक्षरी निम्फ, दोन काती टाकण्यामधला टप्पा सहा अक्षरी इनस्टार, आणि 'अडल्ट इन्सेक्ट' पाच अक्षरांत विचारलं की इमॅगो. अनेकवचन विचारलंय म्हणून शेवटच्या घरात डोळे झाकून एस लिहू नका, लार्व्हा, प्यूपा आणि अँटेना या तिघांचंही किड्यांच्या बाबतीत अनेकवचन ए-ई नं संपतं, आणि एलिट्रा हे तर मुळातच अनेकवचन आहे.